मेले किती ते मोजता, प्यायले किती तेही मोजा

प्रति,
भातावरील कीटकनाशकांच्या चाचण्या आखणारे, किडींच्या प्रतिकारक्षमतेचे सर्वेक्षण करणारे आणि फवारणीच्या शिफारशी लिहिणारे सर्व कीटकशास्त्रज्ञ

सप्रेम नमस्कार.

तुमचे अहवाल मी नियमाने वाचते. माझे कामच त्यावर चालते. प्रत्येक अहवालात तोच तक्ता असतो: कीटकनाशकाचे नाव, निम्म्या किडी मारायला लागणारी मात्रा म्हणजे एलसी-५०, संवेदनशील, म्हणजे औषधाने सहज मरणाऱ्या किडींच्या वाणाच्या तुलनेत ती किती पट वाढली, आणि शेवटी ‘कमी’, ‘मध्यम’ किंवा ‘तीव्र’ प्रतिकार असा शेरा. या तक्त्यामागचे कष्ट मला माहीत आहेत. तुडतुडे गोळा करायचे, पिढी वाढवायची, एका वयाची पिल्ले निवडायची, मात्रांची उतरंड लावायची आणि ठरल्या तासाला मेलेले-जिवंत वेगळे करायचे, हे काम वेळखाऊ आहे आणि तुम्ही ते चोख करता. माझी तक्रार एवढीच आहे की त्या तक्त्यात एक रकाना नाही. जे तुडतुडे वाचले, ते वाचल्यानंतर काय करत होते? सोंड खुपसून रस पीत होते की उपाशी बसले होते? भाताचे नुकसान या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, आणि तेच उत्तर आपण नोंदवत नाही.

तपकिरी तुडतुडा, म्हणजे निलापर्वता ल्युगेन्स, चुडाच्या बुंध्याशी पाण्याच्या जरा वर बसतो. पानाच्या आवरणावर सोंड टेकवतो, लाळ सोडतो, ती लाळ घट्ट होऊन सोंडेभोवती एक नळी तयार होते, आणि त्या नळीतून वाट काढत तो अन्नवाहिनीपर्यंत पोचतो. हा प्रवास डोळ्यांना दिसत नाही, पण विद्युत आलेखाच्या तंत्राने तो ऐकता येतो, असेच म्हणावेसे वाटते. तुडतुड्याच्या पाठीवर केसाहूनही बारीक, सुमारे २० मायक्रॉन जाडीची सोन्याची तार चांदीच्या लेपाने चिकटवतात, दुसरे टोक मातीत खोचतात, आणि सोंड रोपात शिरली की परिपथ पूर्ण होतो. मग पडद्यावर लहरी उमटतात. सोंड बाहेर असताना एक रेषा, शिरताना वेगळी, लाळ सोडताना वेगळी, अन्नवाहिनीजवळ चाचपडताना वेगळी. आणि रस खरोखर पोटात जाऊ लागला की एक संथ, एकसारखी लहर सुरू होते ती कित्येकदा तासन्‌तास थांबत नाही. जलवाहिनीतून पाणी पितानाची लहर त्याहून निराळी. तपकिरी तुडतुड्यासाठी अशा सात लहरी ओळखल्या गेल्या आहेत. शेतात पिवळी पडून वाळत जाणारी गोल खळी त्या एका संथ लहरीची असतात. बाकीच्या सहा लहरींत तुडतुडा रोपावर आहे, जिवंत आहे, मोजणीत येतो आहे, पण अन्नवाहिनीतला रस ओढत नाही.

आता कीटकनाशकांकडे वळू. भातावर वापरली जाणारी बरीच औषधे कीड मारण्याच्या आधी तिचे तोंड बंद करतात. इमिडाक्लोप्रिडचा हा गुण १९९० च्या दशकातच माव्यावर स्पष्ट दिसला होता. मारक मात्रेच्या कितीतरी खाली, औषध असलेल्या पानावरचा मावा रस पिणे सोडत होता, चिकट स्राव टाकणे थांबवत होता आणि उपासमारीने खंगत होता. तोच मावा वेळीच स्वच्छ पानावर ठेवला की सावरत होता. पायमेट्रोझीनची तर सारी मदार याच्यावर आहे. ते किडीच्या सांध्यांतल्या ताण जाणणाऱ्या चेतापेशींवर काम करते. त्यांतली नेमकी प्रथिने कोणती हे २०१५ मध्ये उलगडले. औषध लागलेला तुडतुडा सोंड नीट चालवू शकत नाही, आणि भुकेने मरायला त्याला काही दिवस लागतात. ट्रायफ्लुमेझोपायरिम लागलेला तुडतुडा सुस्त होऊन खाणे सोडतो. चावून खाणाऱ्या किडींतही हेच. पाने गुंडाळणारी अळी क्लोरँट्रानिलिप्रोल पोटात गेल्यावर थोड्याच वेळात खाणे थांबवते, कारण तिच्या स्नायूंतले कॅल्शियम सुटून जबडा चालेनासा होतो. मरते ती बऱ्याच नंतर. पानावर जिवंत दिसणाऱ्या अळीने फवारणीनंतर पानाचा एक ओरखडाही काढलेला नसतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी शेतात पाहिले असेल.

म्हणजे पिकाला संरक्षण मिळते ते दोन पायऱ्यांनी. खाणे थांबते ती पहिली, मरण ही दुसरी. प्रतिकारक्षमता वाढते तेव्हा यांतली कोणती पायरी आधी ढासळते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. आपण फक्त दुसरी तपासतो.

इमिडाक्लोप्रिडचा इतिहास आठवा. हे औषध १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि आशियाभर भातावर पसरले. २००३ च्या सुमारास थायलंडमध्ये ते कमी पडू लागल्याचे दिसले, आणि २००५ मध्ये चीनमध्ये तुडतुड्यांचा मोठा उद्रेक झाला तेव्हा ते उघडपणे निष्प्रभ ठरले होते. प्रयोगशाळेत निवड करून वाढवलेल्या एका वाणात औषध जिथे बसते त्या ग्राहकातच बदल सापडला होता. शेतातल्या तुडतुड्यांत मात्र वेगळेच घडले होते. २०११ मध्ये दाखवले गेले की सीवायपी६ईआर१ हे विष पचवणारे एक विकर त्यांच्यात कितीतरी जास्त बनत होते. पुढे २०१८ मध्ये कळले की त्या जनुकाच्या जादा प्रती तयार होऊन त्यांतल्या काहींना इमिडाक्लोप्रिड मोडण्याचे नवे सामर्थ्य आले होते.

खाण्याच्या दृष्टीने या तपशिलाला मोठे महत्त्व आहे. ग्राहक बदलला असेल तर औषध शरीरात कितीही असले तरी त्याची पकडच सैल. पण विकर वाढले असेल तर औषध अजूनही त्याच जागी, त्याच जोराने बसते. फक्त ते शरीरात टिकत नाही. अशा तुडतुड्याला ताज्या फवारणीच्या मोठ्या मात्रेने झटका बसतो, तो लुळा पडतो, कदाचित मरतोही. फवारणीनंतर दिवस जातात, रोपातले औषध ओसरत जाते, आणि एका मर्यादेखाली उरलेली मात्रा तो सहज मोडून टाकतो. संवेदनशील तुडतुडा याच उरलेल्या अल्प मात्रेत उपाशी राहायचा. म्हणून माझे म्हणणे असे, आणि हे मी अनुमान म्हणूनच मांडते आहे: पचवण्याच्या मार्गाने येणारा प्रतिकार आधी औषधाचे शेपूट छाटतो. फवारणीनंतर जे दिवस रोप रस गमावल्याशिवाय काढत होते, ते दिवस कमी होतात. प्रयोगशाळेत ताज्या द्रावणात बुडवलेल्या रोपावर मृत्यूचे प्रमाण अजून बरे दिसते, शेरा ‘मध्यम’ पडतो, शिफारस तशीच राहते. आणि शेतकरी म्हणतो की औषध पूर्वीसारखे टिकत नाही. त्याच्या बोलण्याला आपल्या तक्त्यात जागा नाही. दोष औषधाच्या दर्जावर, फवारणीच्या पद्धतीवर, नाहीतर पाण्यावर जातो. कधी तो खराही असतो. पण प्रत्येक वेळी खरा असेलच असे नाही, आणि खरे-खोटे ठरवायला लागणारी मोजणी आपण केलेलीच नसते.

चाचणीच्या पद्धतीतच आणखी एक गुंता आहे. तुडतुड्याच्या पाठीवर मोजून थेंब ठेवला तर खाण्याचा प्रश्नच येत नाही; औषध अंगातून आत जाते. रोप द्रावणात बुडवून त्यावर तुडतुडे सोडले तर औषध स्पर्शानेही जाते आणि रसाबरोबरही. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध मुख्यतः जलवाहिनीतून वर चढते, तुडतुडा मात्र जास्त करून अन्नवाहिनीतले पितो. मग त्याच्या पोटात किती औषध गेले हे तो मधूनमधून जलवाहिनीतले किती प्याला, आवरणाच्या पेशींत किती वेळ चाचपडला, यावरही ठरणार. समजा तुडतुड्यांची एखादी लोकसंख्या औषधाची चव लागताच सोंड काढून घेते आणि चाचणीच्या मुदतीत उपाशी बसते. ती वाचते. तक्त्यात तिची नोंद ‘प्रतिकारक्षम’ अशी होते. दुसरी लोकसंख्या पोटभर पिते, विष पचवते आणि वाचते. तिचीही नोंद ‘प्रतिकारक्षम’. आकडा दोघींचा एक. शेतात पहिलीने रोपाला जवळपास हात लावलेला नाही, दुसरीने त्याला वाळवले. या दोघींना एकाच शिफारशीत कोंबणे मला पटत नाही.

पायमेट्रोझीनच्या बाबतीत ही उणीव आणखी ठळक होते. जे औषध उपाशी ठेवून मारते त्याची मृत्यूची मोजणी २४ किंवा ४८ तासांनी केली तर ते नेहमीच दुबळे दिसेल. म्हणून मुदत वाढवावी लागते, आणि ती तुम्ही वाढवलीही आहे. पण मुदत वाढवली तरी आपण अजून भुकेचा शेवटच मोजतो. तुडतुड्याने खाणे कधी सोडले, किती काळ सोडले, पुन्हा सुरू केले का, हे त्या मुदतीत घडून जाते आणि हरवते. चीनमधल्या तुडतुड्यांत पायमेट्रोझीनलाही प्रतिकार नोंदला गेला आहे. खाणे थांबवणे हेच ज्या औषधाचे काम, त्याला प्रतिकार आला म्हणजे तुडतुडा पुन्हा खाऊ लागला. ते थेट मोजायचे सोडून आपण मरणावरून अंदाज बांधतो.

विषाणूंचा विचार केला की चिंता वाढते. तपकिरी तुडतुडा गवतासारखी खुरटी वाढ करणारा आणि पाने फाटकी करणारा असे दोन रोग पसरवतो. हे विषाणू त्याच्या शरीरात वाढतात आणि एकदा आत शिरले की जन्मभर राहतात. टुंग्रो हा दोन विषाणूंमुळे होणारा भाताचा रोग पसरवणाऱ्या हिरव्या तुडतुड्याचे तसे नाही. त्याला विषाणू उचलायला आणि दुसऱ्या रोपात सोडायला थोडा वेळ पुरतो, आणि काही दिवसांत तो ते गमावतो. प्रतिकारक जातींच्या भातावर हिरवा तुडतुडा अन्नवाहिनी सोडून जलवाहिनीकडे वळतो हे जुने निरीक्षण आहे, आणि तिथे त्याने कोणता विषाणू पोचवला यातही फरक पडतो. मग अर्धवट लागू पडणाऱ्या औषधाखाली, जिवंत पण बेचैन झालेला तुडतुडा या रोपावरून त्या रोपावर जास्त फिरत असेल, थोडे थोडे टोचत असेल, तर रोग कमी होईल की वाढेल? वेगवेगळ्या विषाणूंसाठी याचे उत्तर वेगळे येईल अशी माझी खात्री आहे. मृत्यूच्या टक्केवारीतून ते कधीच निघणार नाही.

कीटकनाशकाने खाणे वाढूही शकते, हे विसरून चालणार नाही. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत चेल्लैया आणि हाइनरिच्स यांनी १९८० मध्येच दाखवले होते की डेल्टामेथ्रिन, मिथिल पॅराथिऑन यांसारख्या औषधांनंतर तपकिरी तुडतुडा उलट जास्त वाढतो. त्यामागची कारणे त्यांनी मोजली होती: अंडी जास्त, पिल्लांची वाढ लवकर, आणि खाण्याचा वेग वाढलेला. मित्रकीटक मेल्यामुळे उद्रेक होतो हे कारण आज सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ते बरोबरच आहे. लांडगा कोळी आणि अंडी खाणारा मिरिड ढेकूण गेले की तुडतुड्याला रान मोकळे. पण त्याच संशोधनातली खाण्याची बाजू आपण मागे टाकली. इंडोनेशियाने १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली ती अशाच उद्रेकांमुळे. एवढा मोठा निर्णय घ्यायला लावणाऱ्या प्रश्नाचा खाण्याशी संबंध असताना, ४० वर्षांनीही आपल्या सर्वेक्षणाच्या नमुन्यात खाण्याचा रकाना नसावा याची मला खंत वाटते.

प्रतिकारक्षम तुडतुडा नेहमी जास्तच खातो, असा दावा मी करत नाही. प्रयोगशाळेत निवडलेल्या इमिडाक्लोप्रिड-प्रतिकारक तुडतुड्यांना प्रतिकाराची किंमत मोजावी लागते, त्यांची प्रजननक्षमता घटते, हेही दिसलेले आहे. विकरे बनवायला शक्ती लागते. ती भरून काढायला एखादा वाण जास्त पिईल, एखादा एकूणच मलूल राहील. शिवाय रोपाची जातही मध्ये येते. १९८४ मध्येच हाइनरिच्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की मध्यम प्रतिकारक जातीवर वाढलेले तुडतुडे कमी औषधात मरतात. कारण समजायला अवघड नाही: अशा जातीवर तुडतुड्याला अन्नवाहिनीत निवांत पिता येत नाही; अर्धपोटी किडीला विष पचवणे जड जाते. बीपीएच-१४ सारखे प्रतिकारक जनुक असलेल्या रोपात टोचलेल्या जागी अन्नवाहिनीत कॅलोज नावाचा पदार्थ साचून वाट बुजते. या रोपांवर औषधाचा परिणाम आणि रोपाच्या प्रतिकाराचा परिणाम हे दोन्ही खाण्याच्या एकाच दारातून जातात. त्या दारावर आपला पहारा नाही. प्रतिकारक जात आणि औषध यांची जोडी कुठे कमी औषधात काम भागवेल आणि कुठे भागवणार नाही, हे सांगता यायला ती मोजणी हवीच.

मोजणी अवघड आहे, खर्चिक आहे, सर्वेक्षणाच्या गर्दीत ती कोण करणार, असा आक्षेप तुम्ही घ्याल. विद्युत आलेखाबद्दल तो मान्य. सोन्याची तार चिकटवायला हात बसावा लागतो आणि एका वेळी मोजकेच तुडतुडे बसतात. ते काम थोड्या प्रयोगशाळांनी, थोड्या निवडक लोकसंख्यांवर करावे. रोजच्या सर्वेक्षणाला मात्र गाळण कागद पुरेसा आहे. ब्रोमोक्रेसॉल ग्रीनच्या द्रावणात बुडवून वाळवलेला कागद रोपाच्या बुंध्याशी ठेवायचा, वर उलटी वाटी, आत मादी तुडतुडे. रात्रभरात त्यांचा स्राव कागदावर ठिपकतो. अन्नवाहिनीतला रस प्यायलेल्यांचे ठिपके निळे उमटतात, जलवाहिनीतले पाणी प्यायलेल्यांचे फिकट. निळ्या ठिपक्यांचे क्षेत्रफळ मोजले की झाले. याहूनही सोपे हवे असेल तर पॅराफिल्मची छोटी पिशवी बुंध्याला बांधायची, त्यात एक मादी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी जमलेला स्राव तोलायचा. या दोन्ही पद्धती भाताच्या प्रतिकारक जाती निवडताना कित्येक वर्षे वापरल्या जात आहेत. शेजारच्या पैदास विभागात हे साहित्य पडलेले असते. कीटकनाशकांच्या चाचणीसाठी ते उसने आणायला कोणाची हरकत असणार?

फवारणीची आर्थिक नुकसानीची पातळीही या निमित्ताने तपासायला हवी. अनेक शिफारशी चुडामागे ५ ते १० तुडतुडे दिसले की फवारा, असे सांगतात. त्या आकड्याच्या पोटात एक गृहीतक आहे की प्रत्येक तुडतुडा ठरावीक रस पितो. ज्या भागात लोकसंख्येचे खाणे बदलले आहे तिथे दहा तुडतुड्यांचे नुकसान पूर्वीच्या पंधरांइतके असेल, नाहीतर पाचांइतके. पहिल्या ठिकाणी फवारणी उशिरा होते, दुसऱ्या ठिकाणी विनाकारण होते आणि कोळी मारले जातात.

तेव्हा पुढच्या हंगामाच्या सर्वेक्षणापासून तुम्ही एवढे करावे. प्रत्येक लोकसंख्येच्या एलसी-५० शेजारी खाणे निम्म्यावर आणणारी मात्रा द्या, आणि दोन्हींची संवेदनशील वाणाशी तुलना करा. चाचणी ताज्या द्रावणावर थांबवू नका. फवारणी करून ३, ७ आणि १४ दिवस झालेल्या रोपांवरही तुडतुडे सोडा आणि स्राव मोजा, म्हणजे औषधाचे शेपूट किती उरले ते कळेल. मुदत संपल्यावर जिवंत राहिलेले तुडतुडे फेकून देऊ नका; त्यांना एक दिवस स्वच्छ रोपावर ठेवून ते पुन्हा प्यायला लागतात का ते लिहा. खोडकिड्याच्या आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या चाचणीत मेलेल्या अळ्यांबरोबर खाल्लेल्या पानाचे क्षेत्रफळ आणि खोडातल्या भोकांची संख्या द्या. पट्टेरी खोडकिड्यात डायामाइड, म्हणजे क्लोरँट्रानिलिप्रोलच्या गटातल्या औषधांना प्रतिकार देणारे बदल सापडलेलेच आहेत, त्यामुळे तिथे हे आधी करायला हवे. आणि नवीन औषधाची शिफारस करताना ते किती दिवस कीड मारते याबरोबर किती दिवस तिचे खाणे थांबवते हा आकडा स्वतंत्रपणे छापा.

हे आकडे अहवालात आले की ते वाचून शेताच्या बांधावर काय सांगायचे ही जबाबदारी माझ्यासारख्यांची. आज ‘मध्यम प्रतिकार’ हा शेरा घेऊन मी कोणाला फवार म्हणू की थांब म्हणू, हे मला त्या तक्त्यावरून ठरवता येत नाही.

आपली विश्वासू,
भातावरील किडींवर काम करणारी एक अभ्यासक